सेंद्रिय अन्नाचा हिशेब

रासायनिक खते, कारखान्यात तयार होणारी कीडनाशके व तणनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे न वापरता पिकवलेले, आणि पुढे साठवणीत व प्रक्रियेतही तेच पथ्य पाळलेले अन्न म्हणजे सेंद्रिय अन्न. ही व्याख्या पिकवण्याच्या पद्धतीची आहे. ताटात आलेल्या भाजीत नेमके काय उतरले आहे, हे ती सांगत नाही. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्यावर आली तर सेंद्रिय शेतातल्या टोमॅटोवरही औषधाचा अंश सापडू शकतो. उलट रासायनिक खतावर वाढलेल्या, पण फवारणीची गरजच न पडलेल्या टोमॅटोत असा कोणताही अंश नसू शकतो. घरात सेंद्रियकडे वळावे की नाही अशी चर्चा सुरू झाली, की ‘सेंद्रिय म्हणजे विषमुक्त आणि बाकी सगळे विषारी’ अशी सरळ वाटणी केली जाते आणि पुढचा हिशेब तिथेच चुकतो.

सेंद्रिय म्हणजे फवारणीशिवाय, हाही असाच एक समज. सेंद्रिय शेतकऱ्याच्या पाठीवरही पंप असतोच. त्यात निंबोळी अर्क असतो, कडुनिंब, निर्गुडी, करंज, सीताफळ, रुई अशा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क असतो, गंधक असते, मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण असते, अळ्या मारणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू असतो. वनस्पतिजन्य अर्क उन्हापावसात लवकर विघटित होतात, हा त्यांचा मोठा गुण. मोरचुदातले तांबे मात्र विघटित होत नाही. ते वर्षानुवर्षे मातीत साठत जाते, म्हणून युरोपीय संघाने त्यासाठी सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी कमाल मर्यादा घातली आहे. एखादी गोष्ट कारखान्यातली नाही एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही आणि सेंद्रिय शेतीचे जाणते अभ्यासकही तसे म्हणत नाहीत.

या पद्धतीचे एक मूळ महाराष्ट्राच्या शेजारीच आहे. अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत काम केले. काडीकचरा, शेण, राख आणि माती यांचे थर रचून, ओलावा व हवा राखून, ठरावीक दिवसांनी परतवून खत करण्याची त्यांची रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. इथल्या शेतकऱ्यांच्या निरीक्षणातून आपण शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले. १९४० मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या पुस्तकाने युरोप-अमेरिकेतल्या सेंद्रिय चळवळीला पाया दिला. महाराष्ट्रात पुढे श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यालाच प्रयोगकर्ता केले. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकर यांनी देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती यांपासून होणारे जीवामृत देशभर पोहोचवले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जतन केले. पाळेकरांना २०१६ मध्ये आणि राहीबाईंना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. जीवामृतात प्रत्यक्ष नत्र-स्फुरद फार थोडे असते, त्याचा भर जमिनीतल्या सूक्ष्मजीवांवर आहे. त्यामुळे जास्त खादाड पिकांना ते एकटे पुरते का, यावर कृषिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. म्हणून मुरलेले सेंद्रिय शेतकरी शेणखत, ताग-धैंचासारखे हिरवळीचे खत आणि द्विदल आंतरपीक यांची जोड सोडत नाहीत.

पोषणाचा प्रश्न

जास्तीचे पैसे मोजणाऱ्या माणसाची पहिली अपेक्षा असते ती जास्त पोषणाची. नेमकी हीच बाजू सर्वांत लंगडी आहे. २००९ मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दोन्ही प्रकारच्या अन्नांत आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक त्यांना आढळला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानेही सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा नाही असेच म्हटले, मात्र कीडनाशकांचे अंश त्यात कमी वेळा सापडतात हेही नोंदवले. दोन वर्षांनी ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा निघाला आणि त्याचा सूर वेगळा होता. सेंद्रिय पिकांत पॉलिफेनॉलसारखी ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये जास्त होती, कॅडमियम हा जड धातू कमी होता आणि कीडनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण रासायनिक पिकांत चौपट होते.

या फरकामागची कारणे समजण्यासारखी आहेत. युरियातून नत्र भरपूर आणि झटपट मिळाले की रोप भराभर वाढते, पण स्वतःच्या बचावासाठी लागणारी कडू-तुरट द्रव्ये कमी बनवते. ज्याला कीड-रोगाशी स्वतः झुंजावे लागते, त्या रोपात ती जास्त साठतात. कॅडमियम काही फॉस्फेट खतांबरोबर खनिजातून येते. तरीही ऑक्सिडीकरणरोधके थोडी जास्त मिळाल्याने माणसाची प्रकृती सुधारते, हे सिद्ध झालेले नाही. शिवाय वाण कोणता, माती कोणती, फळ झाडावर पिकले की पेटीत, भाजी तोडून किती वेळ झाला, यांनी पडणारा फरक अनेकदा त्याहून मोठा असतो. चार दिवस शीतपेटीत काढलेल्या सेंद्रिय पालकापेक्षा सकाळी तोडून दुपारी शिजलेला साधा पालक क जीवनसत्त्वाच्या बाबतीत सरस ठरण्याची शक्यता जास्त. जीवनसत्त्वांसाठी म्हणून सेंद्रियकडे वळणाऱ्याने ते पैसे रोज एक फळ आणि एक भाजी वाढवण्यात घालावेत. आरोग्याला त्याचा फायदा निश्चित आहे.

औषधाचा अंश

कीडनाशकांचे तसे नाही. इथे फरक खरा आहे आणि तो मोजता येतो.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिॲटलमधल्या एका अभ्यासात शाळकरी वयाच्या २३ मुलांचा नेहमीचा आहार तसाच ठेवून त्यातले बहुतेक जिन्नस पाच दिवसांसाठी सेंद्रिय केले गेले. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या दोन कीडनाशकांच्या खुणा मुलांच्या लघवीतून जवळजवळ लगेच नाहीशा झाल्या आणि जुना आहार सुरू होताच परत आल्या. शरीरात पोहोचणाऱ्या या द्रव्यांचा मुख्य मार्ग अन्न हाच होता, असा त्याचा अर्थ. लहान मुलांच्या बाबतीत याला अधिक वजन द्यायला हवे. वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा जास्त खातात आणि त्यांचा मेंदू अजून घडत असतो. या दोन्ही कीडनाशकांची क्रिया मज्जासंस्थेवरच होते. गरोदर स्त्रियांनाही हाच विचार लागू पडतो.

अंश सापडणे आणि अपाय होणे यांत मात्र अंतर आहे. प्रत्येक कीडनाशकासाठी, प्रत्येक पिकावर किती अंश चालेल याची कमाल मर्यादा ठरवलेली असते. भारतात ती एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवते. शिफारशीप्रमाणे फवारणी केली आणि काढणीपूर्वीचे प्रतीक्षेचे दिवस पाळले तर जेवढा अंश उरावा, तेवढी ही मर्यादा असते. रोज आयुष्यभर पोटात गेला तरी चालेल अशा प्रमाणाशीही ती ताडून पाहिलेली असते. ती ओलांडली की लगेच विषबाधा होते असे नाही, पण शेतात काहीतरी नियमबाह्य घडले हे नक्की. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या देखरेख योजनेत २०१४-१५ मध्ये देशभरातून २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांतल्या १८.७ टक्के नमुन्यांत कीडनाशकांचा अंश सापडला आणि २.६ टक्क्यांत तो मर्यादेपलीकडे होता. म्हणजे दहातल्या आठ नमुन्यांत काहीच सापडले नाही, आणि बाजारातली प्रत्येक भाजी विषारी असल्याची भीती या आकड्यांना धरून नाही. पण त्याच तपासणीतला आणखी एक आकडा जास्त बोचणारा आहे: १२.५ टक्के नमुन्यांत मान्यता नसलेली कीडनाशके मिळाली. असे का होते, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते. वांग्यावर शेंडे व फळ पोखरणारी अळी पडली की शेतकरी घाईने कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार जी बाटली पुढे करील ती घेऊन येतो. ती त्या पिकासाठी शिफारस केलेली आहे की नाही, फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, हे बाटलीवरच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते. वांगी, भेंडी, मिरची यांचा तोडा तर दर दोन-चार दिवसांनी येतो. बाजारभाव असताना तो कोण थांबवणार?

नियम पाळले जाणे शक्य असते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला, माल अडकला आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि काढणीआधी नमुने तपासण्याची व्यवस्था त्याआधीपासून होती. त्या प्रकरणानंतर तपासायच्या रसायनांची यादी वाढवली गेली. पुण्याजवळच्या मांजरी इथले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या कामाची मुख्य संदर्भ प्रयोगशाळा आहे. युरोपातल्या ग्राहकासाठी प्रत्येक बाग तपासली जाते आणि दादर किंवा कोथरूडच्या ग्राहकाच्या द्राक्षांना मात्र अशी चाळणी नाही, ही विषमता खटकणारी आहे. देशातल्या बाजारपेठेलाही हीच शिस्त लागली, तर सेंद्रिय न परवडणाऱ्या बहुसंख्य घरांचे त्यात सर्वांत जास्त भले होईल.

कर्करोगाच्या भीतीने सेंद्रियकडे वळणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे आणि तिथे पुरावा दोन दिशांनी ओढतो. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या सुमारे ६९,००० प्रौढांच्या पाहणीत सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण एक चतुर्थांशाने कमी दिसले. त्याआधी २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एकूण कर्करोगांत अशी घट दिसली नव्हती. सेंद्रिय घेणारी माणसे सहसा अधिक शिकलेली, अधिक कमावती, कमी धूम्रपान करणारी आणि भाज्या जास्त खाणारी असतात. हे सगळे आकडेमोडीत वजा करू म्हटले तरी पूर्ण वजा होत नाही. सेंद्रिय अन्न कर्करोग टाळते असे आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्या हाती पुरावा नाही.

घरात करता येण्याजोगे उपायही आहेत. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या प्रयोगात एक टक्का खायच्या सोड्याच्या पाण्यात सफरचंदे बारा ते पंधरा मिनिटे ठेवली, तेव्हा सालीवरचा दोन कीडनाशकांचा अंश धुऊन गेला. सालीच्या आत शिरलेला भाग मात्र राहिला. आंतरप्रवाही कीडनाशके रोपाच्या रसातूनच फिरतात, त्यांना धुण्याने फारसा फरक पडत नाही. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढणे, फुलकोबीचे तुरे सुटे करून धुणे, कोबीची बाहेरची पाने टाकणे ही जुनी सवय सेंद्रिय भाजीलाही लागू आहे. कच्च्या शेणखतातून किंवा दूषित पाण्यातून येणारे जंतू सेंद्रियचा शिक्का पाहून दूर राहत नाहीत.

शेतातला लाभ

सेंद्रियचा सर्वांत मोठा लाभ खाणाऱ्याच्या आधी पिकवणाऱ्याला होतो. ग्राहकाच्या पोटात जातो तो अंश मिलिग्रॅमच्याही भागांत मोजावा लागतो. शेतमजुराच्या अंगावर, श्वासात, ओल्या सदऱ्यात जाते ते थेट द्रावण. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडासमोर उडत होता, एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळली जात होती आणि हातमोजे-मुखवटे जवळजवळ कुणाकडेच नव्हते. अनेकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. केरळमधल्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हवाई फवारणी झालेल्या एंडोसल्फानचे परिणाम तर पुढच्या पिढीत उतरल्याच्या तक्रारी झाल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या औषधावर देशभर बंदी घातली. ही माणसे दुकानातल्या सेंद्रिय पाकिटावर दिसत नाहीत. पण त्या पाकिटासाठी जास्त पैसे मोजण्याचे सर्वांत भक्कम कारण तीच आहेत.

मातीचा हिशेब सावकाश दिसतो. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून शेजारी-शेजारी सेंद्रिय आणि रासायनिक तुकडे राखून एक प्रयोग चालू आहे. त्याच्या पहिल्या एकवीस वर्षांचा ताळेबंद २००२ मध्ये मांडला गेला. सेंद्रिय तुकड्यांत उत्पादन २० टक्के कमी आले. पण खते व ऊर्जा ३४ ते ५३ टक्के आणि कीडनाशके ९७ टक्के कमी लागली. गांडुळे आणि सूक्ष्मजीव वाढले. अशी भुसभुशीत झालेली जमीन ओलावा धरते, आणि मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू शेतीच्या दृष्टीने तोच भाग महत्त्वाचा आहे. ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब जास्त, ती पावसाने ओढ दिली तर आणखी काही दिवस तग धरते.

उत्पादनातली घट मात्र झाकून चालत नाही. जगभरच्या तुलनांचा आढावा घेणाऱ्या अभ्यासांत ती सरासरी १९ ते २५ टक्के निघते. पीक, पाऊस आणि शेतकऱ्याचा अनुभव यांप्रमाणे ती खूप बदलते. घाई केली तर काय होते, ते श्रीलंकेने दाखवले. २०२१ च्या वसंतात तिथल्या सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. पुरेसे सेंद्रिय खत नव्हते, शेतकऱ्यांची तयारी नव्हती. भाताचे उत्पादन कोसळले आणि वर्ष संपायच्या आत बंदी मागे घ्यावी लागली. सिक्कीमने २००३ मध्ये सुरुवात केली आणि २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली. त्याला तेरा वर्षे लागली, तीही रासायनिक खतांचा वापर मुळातच कमी असलेल्या डोंगराळ प्रदेशात.

महागाईचे कारण इथेच आहे. तणनाशकाऐवजी खुरपणीची मजुरी, कमी उतारा, बैल कमी झाल्याने दुर्मीळ झालेले शेणखत, थोड्या मालाची वेगळी वाहतूक, न विकलेल्या मालाचे नुकसान आणि प्रमाणीकरणाचा खर्च हे सगळे किमतीत येते. दुकानातला भाव सहसा दीडपट-दुप्पट असतो. त्यातला किती वाटा शेतकऱ्याला मिळतो, हे मधल्या हातांवर ठरते. चकचकीत दुकानातल्या पाकिटापेक्षा शेतकरी गटाकडून थेट घेतलेली भाजी बहुधा स्वस्त पडते आणि शेतकऱ्याच्या हाती जास्त देते.

शिक्का आणि विश्वास

भारतात सेंद्रिय मालाच्या प्रमाणीकरणाच्या दोन वाटा आहेत. पहिली २००१ पासून चालू असलेली एनपीओपी. वाणिज्य मंत्रालयाखालची अपेडा ही संस्था ती चालवते आणि त्रयस्थ प्रमाणन संस्था शेत तपासतात. ही वाट मुख्यतः निर्यातीसाठी तयार झाली. दुसरी पीजीएस-इंडिया, कृषी मंत्रालयाची. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते पाहतो आणि एकमेकांची हमी घेतो. लहान शेतकऱ्याला ही परवडते. २०१७ मध्ये एफएसएसएआयने सेंद्रिय अन्नाचे नियम केले. पाकीटबंद मालावर ‘सेंद्रिय’ म्हणायचे असेल तर यांपैकी एक प्रमाणपत्र हवे आणि ‘जैविक भारत’ हे हिरवे चिन्ह हवे, असे त्यांत ठरले. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतची उलाढाल असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला मात्र या नियमांत प्रमाणपत्रातून सूट दिली होती.

‘गावरान’, ‘देशी’, ‘फार्म फ्रेश’, ‘केमिकल फ्री’, ‘विषमुक्त’ या शब्दांना अशी तपासणी नाही. रस्त्यावरच्या फलकावर ते कोणीही लिहू शकतो.

शिक्काही सर्वकाळ निष्कलंक राहिलेला नाही. २०२० मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड हे निर्जंतुक करणारे रसायन सापडले आणि त्यात सेंद्रिय म्हणून विकलेला तीळही होता. २०२१ मध्ये अमेरिकेने भारतीय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता संपवली. म्हणून कागद पाहणे जसे आवश्यक, तसे शक्य असेल तिथे शेत पाहणेही. शेतकरी गटाच्या शिवारफेरीत ग्राहकाने विचारावेत असे प्रश्न साधे आहेत: वांग्यातली अळी कशी आवरली, खत कुठून आले, बांधापलीकडच्या शेतातल्या फवारणीपासून बचावाला झाडांची ओळ लावली आहे का, पावसाळ्यात टोमॅटो का नाही. खरा सेंद्रिय शेतकरी यांची उत्तरे तपशिलाने देतो, आणि ‘यंदा फुलकोबी गेली’ हेही सांगतो. वर्षभर सगळ्या भाज्या, सारख्या आकाराच्या, एकही किडका नग नसलेल्या कुणाकडे मिळत असतील तर शंका घ्यायला जागा आहे.

कोणता जिन्नस आधी

सगळे घर एका महिन्यात सेंद्रिय करण्याची गरज नाही आणि बहुतेकांना ते परवडतही नाही. जे पीक काढणीच्या तोंडावर वारंवार फवारले जाते आणि सालीसकट किंवा पानांसकट खाल्ले जाते, तिथे बदलाचा उपयोग सर्वांत जास्त. द्राक्षे, मिरची, वांगी, भेंडी, टोमॅटो, फुलकोबी, कोथिंबीर आणि पालेभाज्या या गटात येतात. कढीपत्ताही येतो. फोडणीतली चार पाने म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, पण भारतीय कढीपत्त्यावर युरोपात वाढीव तपासणी लावली गेली होती ती कीडनाशकांच्या अंशामुळेच. घरी कुंडीत लावलेले कढीपत्त्याचे झाड हा त्यावर बिनखर्चाचा उपाय. नारळ, फणस, कलिंगड, केळी, कांदा यांचे कवच किंवा साल टाकूनच दिली जाते, त्यामुळे खाणाऱ्याच्या दृष्टीने त्यांची निकड कमी. शेताच्या दृष्टीने मात्र त्यांच्यावरची फवारणीही तितकीच महत्त्वाची राहते.

महाराष्ट्रात आणखी एक सोय आहे आणि तिचा उपयोग फार कमी होतो. सह्याद्रीच्या उतारावरची नाचणी आणि वरी, कोकणातले कुळीथ, ही पिके पावसावर येतात आणि त्यांच्यावर फवारणी सहसा होत नाही. टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी, कर्टोली या पावसाळी रानभाज्या तर लावल्याच जात नाहीत. रस्त्याकडेच्या किंवा सांडपाण्याजवळच्या नसतील तर त्या कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय सेंद्रियच आहेत, आणि आदिवासी बायका त्या विकायला आणतात तेव्हा पैसाही नेमक्या हाती जातो.

गुळाचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण तिथे डोळे फसतात. उसाचा रस स्वच्छ करायला रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरायची जुनी रीत आहे. तिच्यात गूळ गडद तपकिरी होतो. पिवळाधमक, उजळ गूळ बहुधा सोडियम हायड्रोसल्फाइटने, गुऱ्हाळघरातल्या बोलीत ‘हायड्रॉस’ने, साधलेला असतो. ग्राहक पिवळा गूळ मागतो म्हणून गुऱ्हाळवाला तो घालतो. काळपट गूळ निवडण्याला प्रमाणपत्र लागत नाही.

पैसा वाया जातो तो प्रक्रिया केलेल्या मालावर. सेंद्रिय साखर ही साखरच असते. सेंद्रिय मैद्याची बिस्किटे, सेंद्रिय चिप्स, सेंद्रिय सरबते यांत शेताचे थोडे भले होत असेल, पण शरीराला होणारा अपाय तोच राहतो. आंबा कॅल्शियम कार्बाइडने पिकवला आहे का, दुधात भेसळ आहे का, हळदीत रंग आहे का, हे प्रश्नही सेंद्रियचे नाहीत. ते अन्न व औषध प्रशासनाच्या कामाचे आहेत आणि त्यांची मागणी त्याच दारात करायला हवी.

ज्या घराला खर्च जमतो, त्याने कोणाला हात द्यावा याचेही उत्तर नियमांतच दडलेले आहे. रासायनिक शेती सोडली म्हणून शेत लगेच सेंद्रिय ठरत नाही. हंगामी पिकांसाठी दोन आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा रूपांतरणाचा काळ असतो. या काळात उतारा घटलेला असतो, खुरपणीचा खर्च वाढलेला असतो आणि मालाला सेंद्रियचा भाव मिळत नाही. अनेक शेतकरी याच टप्प्यावर परत फिरतात. पीजीएसमध्ये या मालाला ‘पीजीएस-ग्रीन’ असे वेगळे नाव आहे. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आणि राज्याचे डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन गटांना या काळात काही आधार देतात, पण ठरलेल्या गिऱ्हाइकाची जागा अनुदान घेऊ शकत नाही. एका सोसायटीतल्या वीस-पंचवीस घरांनी मिळून अशा एखाद्या गटाशी हंगामाचा भाव आधीच ठरवला आणि आठवड्याची टोपली बांधून घेतली, तर शेतकऱ्याला किती वाफे मेथी आणि किती गुंठे वांगी लावायची हे पेरणीपूर्वीच कळते, माल पडून राहत नाही, आणि ग्राहकाला तीच भाजी दुकानातल्या पाकिटापेक्षा कमी भावात मिळते.